धोटा उडालाच नव्हता

वेंकू,

चौकातला तुझा बोर्ड मी फाडला. दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. मंडळाच्या लोकांनी मोठ्या मायेनं लावला होता तो. गॉगल घातलेला तुझा फोटो, मागं कुठलासा निळा समुद्र, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'यांचे अपघाती निधन'. तुला जाळल्याच्या चौथ्या दिवशी, भर दहा वाजता, अम्माची विडीची पानं कापायची कात्री घेऊन मी स्टुलावर चढले. मला फक्त 'अपघाती' एवढाच शब्द कापून काढायचा होता. पण फ्लेक्स कसला चिवट असतो. ओढाताणीत तुझा गळा फाटला, मग हनुवटी फाटली, आणि मग माझं डोकंच फिरलं. सगळ्या बोर्डाच्या चिंध्या केल्या. पानपट्टीवाले मामा खालून ओरडत होते, "बाई, अवो तुमचाच भाऊ हाय की त्यो!"

माझाच आहे. म्हणूनच फाडला. तुझा खून झालाय, वेंकू. खून झालेल्या माणसाच्या नावापुढं अपघात लिहिलेला मी माझ्या चौकात चालू देणार नाही.

आज तुला जाळून एकोणसाठ दिवस झाले. गेलेल्या माणसाशी म्हणे हळू आवाजात बोलावं. मला ते जमत नाही. वर्गावर ओरडून ओरडून माझा आवाज कायमचा चढलाय, आणि तुझ्याशी तर मी कधीच हळू बोलले नाही. घरात आपण तेलुगू बोलायचो, पण भांडण जुंपलं की दोघंही मराठीवर यायचो. अम्मा पानं कापता कापता मान वर न करता म्हणायची, "झालं. मराठी सुरू झाली." म्हणून हेही मराठीतच लिहितेय. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

तू नानांचे दोन्ही माग भंगारात घातलेस, तिथून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. भंगारवाले घण घेऊन आले होते. माग काही सुटा करून नेत नाहीत, फोडूनच नेतात. बिडाचे तुकडे ताडकन उडत होते आणि नाना उंबऱ्यावर बसून प्रत्येक घावाला खांदे आवळत होते. मी तुला म्हणाले, बापाचे हात तोडलेस. तू घामानं निथळत माझ्यासमोर उभा राहिलास. म्हणालास, "आन् त्याच मागानं बापाचा डोळा फोडला त्याचं काय, अक्का? डोळा फोडणाऱ्याची पूजा करू का?"

तुला तो दिवस आठवत असणार, तू नऊ वर्षांचा होतास. नाना तेव्हा दुसऱ्याच्या शेडवर त्याच मागांवर काम करायचे. आपण डबा घेऊन गेलो होतो. धोटा ताण्याच्या उभ्या सुतांतून या टोकाकडून त्या टोकाला नुसता झपझप पळत असतो; हातभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. कधी बिनसलं तर मागातून सुटतो आणि समोर जो असेल त्याला लागतो. त्या दिवशी नाना समोर होते. उजव्या डोळ्यातून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. सगळे नानांना धरायला धावले आणि तू एकटा धोट्यामागं गेलास. तो उचलून फरशीवर आपटलास, आपटतच राहिलास, टोपण निखळेपर्यंत. धोटा फोडला म्हणून मालकानं तुझ्या थोबाडीत दिली. मी मालकाच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली तेव्हा सोडलं. पुढं त्या मालकाचेच ते दोन माग नानांनी विकत घेतले, हे मला कधी विचित्र वाटलं नाही. तुला मात्र वाटत राहिलं.

म्हणून तर आपण फसलो. आपल्या घरात कुणी 'धोटा उडाला' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

तू जॉबर झालास. माग बसवणारा, दुरुस्त करणारा, बिघडलेल्या मशीनचा आवाज लांबून ओळखणारा. आफ्रिकेतल्या एका गिरणीत तुला काम मिळालं. त्या शहराचं नाव मी इथं लिहीत नाही. तोंडात आलं की थुंकावंसं वाटतं. जाताना राजूलाही घेऊन गेलास. समोरच्या बोळातला राजू, नानांनीच सुताला गाठ मारायला शिकवलेला, आपल्याकडंच जेवून मोठा झालेला. "माज्याबरोबर ऱ्हाईल, अक्का, शिकंल," म्हणालास. मी उत्तर दिलं नाही. फोनवरही तुला ब्लॉक करून टाकलं होतं. बेचाळिसाव्या वर्षी असला पोरकटपणा. मास्तरणीला शोभत नाही, पण केला.

एकदाच तू कुणाच्या तरी फोनवरून शाळेच्या ऑफिसात फोन लावलास. घाईघाईनं बोलत होतास, मी ठेवून देईन म्हणून. "अक्का, ठेवू नको. ऐक. हितं धोटाच न्हाय. समदी रेपिअर मशिनं हायत. नुसती पट्टी जाती, सूत धरून येती. कुनाचा डोळा जायचा न्हाय हितं. तू मला बोललीस न्हवं, बापाचे हात, बापाचे हात. येऊन बघा म्हणावं नानांना."

मी म्हणाले, "माझा तास आहे." आणि ठेवून दिला. तास नव्हता, वेंकू. मधली सुट्टी होती.

मग एका रविवारी सकाळी राजूचा फोन आला. मी पाणी भरत होते. "अक्का, धोटा उडाला. येंकूच्या डोस्क्याला बसला. जाग्यावरच गेला." मी नानांना सांगितलं. त्यांचा हात आधी स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यावर गेला. अम्मा ओरडली. मी ओरडले. शेजारपाजार गोळा झाला आणि जो येईल त्याला आम्ही तेच सांगत होतो, धोटा उडाला, धोटा उडाला. येणारे सगळे विणकर. सगळे माना हलवत होते. कुणाचा चुलता असाच गेला होता, कुणाचा दात गेला होता. शहराच्या सगळ्या पूर्व भागात एकालाही शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर गिरणीकडून कागद आले. इंग्रजीत. वाचून मीच नानांना समजावले. अपघात आम्हाला मान्य आहे, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, शवविच्छेदन नको. तसं लिहून दिलं तर तुला लवकर पाठवणार होते. अम्माचा एकच धोशा होता, "माझ्या लेकराला चिरू देऊ नका." नानांनी तेलुगूत सही केली, त्याखाली मी मराठीत. अक्षर अगदी वळणदार आलं होतं, आठवतंय मला.

तू आलास पेटीतून. उघडू नका असं पेटीवर लिहिलं होतं, पण आंघोळ घातल्याशिवाय आपल्यात नेतात का? तुझं डोकं नानांनी दुसऱ्या कुणाला धुऊ दिलं नाही. मी पाणी ओतत होते, ते हळद लावत होते. डोक्याची पट्टी त्यांनी हळूहळू सोडली. बोटं केसांतून फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली. मग त्यांनी तुझे हात उलटे करून पाहिले. मला म्हणाले, "पाणी बस झालं." आणि स्वतःच तुझ्या डोक्याला नवं कापड गुंडाळलं, इतकं घट्ट, की तुला दुखेल असं मला वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी राख घेऊन येताना रिक्षात मडकं त्यांच्या मांडीवर होतं. मध्येच म्हणाले, "तीन हुत्या."

"काय तीन?"

"खोक. डोस्क्याला तीन. आन् हातांवर आडवे वळ, हात वर धरल्यासारखे. धोटा एकदा लागतो, पोरी. लागला की खाली पडतो. परत उठून मारत न्हाय."

त्याच क्षणी मला तुझा फोन आठवला. शब्दन् शब्द. हितं धोटाच न्हाय. तो फोन इतके दिवस माझ्या कानात पडून होता आणि मी गावभर धोटा उडाला म्हणून रडत फिरत होते. मी रिक्षा थांबवायला लावली आणि नानांवर ओरडले, "मग तेव्हाच का बोलला नाहीत? जाळायच्या आधी का नाही?" नाना मडक्याकडं बघत म्हणाले, "एका डोळ्यानं बघितलेलं. मलाच खरं वाटंना." माझे तर दोन्ही डोळे शाबूत आहेत, कानही आहेत.

पुढचे दिवस कसे गेले ते तुला सांगते, आणि सजवून सांगत नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मी मनातल्या मनात माणसं मारत होते. कुणाची तोंडं माहीत नव्हती, म्हणून जो दिसेल त्याला तुझा मारेकरी समजून मारत होते. भाजी चिरताना मारत होते. अम्मानं एकदा माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण वांग्याचा मी लगदा केला होता. मला त्यांच्या डोक्यात तीन जखमा हव्या होत्या. चौथी माझ्याकडून.

सात रस्त्याजवळच्या एका सरकारी ऑफिसात मी खुनाच्या तक्रारीचा अर्ज घेऊन रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायचे. तिथले अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि आमचाच कागद माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, ही सही कुणाची?" माझी. "चिरफाड नको हे तुम्हीच लिहिलंय ना?" मीच. "आता तर तपासायला देहही नाही." नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जाता जाता ते म्हणाले, "तिथं हजर असलेला एक माणूस आणा. एक माणूस बोलला, तर मी हा अर्ज पुढं पाठवू शकेन."

एक माणूस. तो स्वतःच्या पायांनी आला.

राजू आला तो तुझी बॅग घेऊन. दुपारचे चार वाजले असतील. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा झालेला. अम्माच्या गळ्यात पडून रडला. अम्मानं त्याला चहा दिला. नाना पलंगावरून उठून त्याच्यासमोर चटईवर येऊन बसले. मला वाटलं होतं ओरडाआरडा मलाच करावा लागेल. पण नानांनी त्याला असं विचारलं, जसं ते पूर्वी शेडवर नवख्या कामगाराला विचारायचे.

"धोटा कुठल्या अंगानं उडाला रे?"

"डावीकडनं, नाना."

"आतली सुताची कांडी भरलेली हुती का संपत आलेली?"

"संपत आलेली."

"म्हंजे धोटा हलका हुता."

"व्हय."

"हलका धोटा. आन् तीनदा लागला?"

राजूनं कप खाली ठेवला. मी म्हणाले, "आणि रेपिअरमध्ये धोटा बसवतात कुठं, ते पण सांग की."

तो रडायला लागला. मला त्याचं रडणं ऐकायचं नव्हतं. तुझी बॅग समोरच पडली होती. चेन ओढली तर सगळ्यात वर तुझा पाना, तोच मोठा, मुठीला लाल टेप गुंडाळलेला. तो उचलून मी राजूच्या डाव्या खांद्यावर घातला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा नाना म्हणाले, "डोस्क्याला नको. त्याला अजून बोलायचं हाय." अम्मा उठली. मला वाटलं ती मला आवरायला येतेय. तिनं जाऊन दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

मग तो बोलला. तिथं मशीन आपोआप थांबायची सोय मॅनेजरनं बंद करून ठेवली होती, काम जास्त निघावं म्हणून. एका पोरीची बोटं गेली. तिकडचीच पोर, राजूला तिचं नावही माहीत नाही. तू मेन स्विच पाडलास. सगळी शेड बंद. मोबाइलवर सगळं टिपून घेतलंस आणि म्हणालास, आता पोलिसांकडं जातो. मॅनेजरनं तुला बोलायला म्हणून सामानाच्या खोलीत बोलावलं. आत तीन माणसं होती आणि सळ्या होत्या.

"आन् तू कुटं हुतास?" नानांनी विचारलं.

"भायेर." मग म्हणाला, "नंतर मॅनेजर म्हनला, त्येच्या घरी कळव. त्यांना पटंल आसं कायतरी सांग. मला दुसरं काय सुचलंच न्हाय, नाना. आपल्याकडं काय पटंल? धोटाच पटंल की."

सळीचे घाव त्यांनी घातले, वेंकू, पण धोटा राजूचा. तो आपल्या घरातून उचलून नेलेला. नानांचा फुटलेला डोळा आपल्याला दाखवून त्यानं आपले सगळ्यांचे डोळे झाकले. हे परक्याला सुचलं नसतं.

तुला काय सांगू? मला त्या पोरीचाही राग येतो, हे खरं आहे. तिची बोटं गेली म्हणून माझा भाऊ जावा? मग वाटतं, तू गप्प बसणारा असतास तर बार्शीला माझ्या सासरी कोण आलं असतं? माझ्या नवऱ्यानं मला कोंडून मारलं तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. एसटीनं आलास, लाथा घालून दार तोडलंस, त्याचे पुढचे दोन दात पाडलेस आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन भर बाजारातून स्टँडवर चालत निघालास. गाडीत मला म्हणालास, "रडू नको, लोक बघायलेत." आणि स्वतःच ढसाढसा रडत होतास. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द म्हटला नाही. आज म्हणते. तू आलास म्हणून मी जिवंत आहे. आणि मागांच्या भांडणात तू बरोबर होतास, मी चूक होते. फोडायलाच हवे होते. हे एवढं बोलायला मला तुझं मरण लागलं, याची लाज वाटते.

काल राजूला घेऊन आम्ही त्या ऑफिसात गेलो. तो पळून जाईल म्हणून आदले चार दिवस त्याला आपल्याकडंच झोपवला. अम्मानं त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याकडं बघितलं नाही. खांद्याला पट्टा बांधलेला पाहून अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे काय झालं?" राजूनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "अपघात."

जबाब सुरू झाला. खोलीपर्यंत सगळं आलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "दार आतून बंद होतं?"

"न्हाय. भायरनं. मॅनेजरनं मला कडीजवळ हुबं केलं हुतं, कुनाला येऊ देऊ नको म्हनून."

हे त्यानं आम्हाला घरी सांगितलं नव्हतं.

"आतून काही ऐकू येत होतं?"

"येत हुतं. येंकू शिव्या घालत हुता. तेलुगूत. तितं कुनालाच कळत नव्हत्या. मला कळत हुत्या."

"शिव्याच?"

राजू अगदी हळू म्हणाला, "तलुपु तियरा, राजू. तलुपु तियरा."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "याचा अर्थ?" राजूला सांगता येईना. नानांना सांगणं शक्य नव्हतं. चौथीच्या वर्गाला मराठी शिकवणारी मी, मी खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "लिहा. दार उघड रे, राजू. हे तो दोनदा म्हणाला, दोन्ही वेळा लिहा."

त्यांनी दोन्ही वेळा लिहिलं. कागद वाचून दाखवला आणि राजूसमोर सरकवला. अर्ज आता पुढं जाणार आहे, तिकडं जाणार आहे. किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही, पण वर 'खून' असं लिहिलंय. मी तो शब्द बोट ठेवून वाचला.

राजूनं उजव्या हातात पेन घेतलं, पण ते कागदावर टेकवेना. तेव्हा नाना उठले, त्याच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्याचं मनगट धरलं, लहानपणी गाठ शिकवताना धरायचे तसं. सही झाली. अधिकाऱ्यांनी कागद काढून घेतला. नानांनी हात सोडला नाही. त्यांची नखं पांढरी पडली होती. राजू कळवळून म्हणाला, "नाना, दुखायलंय."

मी सोडवायला गेले नाही.